घर स्वस्त, पण गिऱ्हाईक मोजकं

एका लेखात म्हटलंय की कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या लहान गावात घरं स्वस्त, स्पर्धा नाही, तेव्हा दुकान टाकायला उत्तम. स्पर्धा नाही कशी? शनिवारी अर्धं गाव रेजायनाला, म्हणजे प्रांताच्या राजधानीला जाऊन महिन्याचा बाजार भरून आणतं. आपल्या गावातल्या दुकानात येतात ते दूध संपलं म्हणून, नाहीतर ऐन कापणीत कम्बाइनचा, म्हणजे कापणी-मळणी यंत्राचा पट्टा तुटला म्हणून. पट्टा त्या घटकेला फळीवर निघाला तर ते गिऱ्हाईक वर्षभर आपलं.

ही गावं वसलीच रेल्वेकाठी, घोडागाडीने गहू आणून टाकता येईल एवढ्या अंतरावर लाकडी धान्यकोठार. १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्याची सवलत संपली; रेल्वेचे बरेच आडफाटे उखडले, कोठारं पाडली, कितीतरी गावांतून मग बँक गेली, शाळा गेली. म्हणून दुकान बघायला गेलात तर आधी शाळेचा पट विचारा, गल्ला नंतर.

आणि कर्लिंग रिंकच्या (बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या जागेच्या) वर्गणीला नाही म्हणू नका. शरद ऋतूतल्या गावजेवणात टर्की वाढायलाही उभं राहावं लागतं. आम्ही शाकाहारी, तरी राहतो!