व्याजाची कमाल मर्यादा आणि अ‍ॅडम स्मिथच्या नावावर खपवलेलं मत

व्याजदरावर कायद्याने मर्यादा घालायची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: व्याज बाजारावर सोडा, हे अ‍ॅडम स्मिथनेच सांगून ठेवलंय, गरिबाला कर्ज मिळावं म्हणून सगळ्या जुन्या अर्थशास्त्रज्ञांनी मर्यादेला विरोध केला, आणि इंग्लंडने 1854 मध्ये ती उठवली तेव्हा वादाचा निकाल लागला.

आधी स्मिथ. 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये, दुसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणात, त्याने मर्यादेची बाजू घेतली आहे. व्याजावर सरसकट बंदी त्याला मान्य नव्हती, आणि बाजारभावाखाली दर दाबला तर लोक पळवाटा काढणारच, हेही तो बजावतो. पण चांगल्या तारणावर बाजारात जो दर चालतो, त्याच्या जरा वर कायद्याची मर्यादा असावी, असं त्याचं म्हणणं. त्याच्या काळी ब्रिटनमध्ये सरकारला 3 टक्क्यांनी आणि चांगलं तारण असलेल्याला 4 ते साडेचार टक्क्यांनी पैसा मिळे. म्हणून 1714 पासून चालत आलेली 5 टक्क्यांची मर्यादा त्याला ठीक वाटली.

कारण मात्र गरिबांचा कळवळा हे नव्हतं, आणि नेमकं हेच फिरत्या मजकुरात हरवतं. मर्यादा 8-10 टक्क्यांवर नेली तर तेवढं व्याज द्यायला तयार कोण होईल? उधळे आणि हवेत इमले बांधणारे, असं स्मिथचं उत्तर. जपून धंदा करणाऱ्याला तो दर परवडणार नाही आणि देशाचं भांडवल उडवून टाकणाऱ्यांच्या हाती जाईल. आजच्या बँकवाल्यालाही हे ओळखीचं वाटेल: सर्वांत जास्त व्याज कबूल करणारा ऋणको बहुधा सर्वांत धोक्याचा असतो.

विरोध केला तो इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने. 1787 मध्ये भावाकडे रशियात राहत असताना त्याने पत्रांच्या रूपात ‘डिफेन्स ऑफ युजरी’ (चढ्या व्याजाचं समर्थन) लिहिलं आणि शेवटचं पत्र थेट स्मिथला उद्देशून घातलं. गरजूला कर्जच मिळेनासं होतं किंवा चोरून महाग घ्यावं लागतं, हे मुद्दे त्यात आहेतच. पण स्मिथला लिहिलेल्या पत्राचा रोख नव्या उद्योगांवर आहे. आजचा प्रत्येक रुळलेला धंदा कधीतरी कुणाचं तरी धाडसच होता, मग धाडस करणाऱ्याला उधळ्याच्या पंगतीला का बसवता? युक्तिवाद बिनतोड आहे, माझ्या मते स्मिथच्या वरचढ. तरी स्मिथने पुस्तकातला तो मजकूर बदलला नाही.

पुढच्या पिढीने बेंथमची बाजू घेतली, हे खरं. 1818 च्या ब्रिटिश संसदीय समितीपुढे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने साक्ष दिली की कायदा सर्रास चुकवला जातो. नेपोलियनशी झालेल्या युद्धाच्या वर्षांत बाजारभाव 5 टक्क्यांच्या वर गेला. सरकारला ही मर्यादा लागूच नव्हती. जमीनदार मात्र अडकले आणि आजीव वार्षिकी (हयातभर दरसाल ठरावीक रक्कम देण्याचा करार) लिहून देऊन, फिरवून, कितीतरी महाग कर्ज काढू लागले. म्हणजे स्मिथची अट मोडली होती: मर्यादा बाजारभावाच्या खाली पडली होती. याने स्मिथ खोटा ठरतो की खरा, हे ज्याचं त्याने ठरवावं. एकमत मात्र कधीच नव्हतं. 1936 मध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्सने पुन्हा स्मिथची बाजू उचलून धरली.

राहिला ‘निकाल’. लंडनपाठोपाठ 1855 च्या 28 व्या कायद्याने हिंदुस्थानातली मर्यादाही गेली. मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम उरला होता: थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. त्यावर सावकारांचा तोडगा सोपा होता. जुना रोखा फाडायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा लिहून घ्यायचा आणि कोर्टात हुकूमनामा मिळवायचा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला तेव्हा लोकांनी हेच कागद जाळले. शेतसाऱ्याची आकारणी आणि कापसाचे पडलेले भाव हीही कारणं होती, सगळं खापर व्याजावर फोडता येणार नाही. पण 1879 मध्ये त्याच सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करून, रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचं काम न्यायाधीशांकडे सोपवावं लागलं.