बिल फाडलं म्हणजे पैसे आले असं नव्हे

मार्च 2019 मध्ये आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याच्या खात्यात 11 हजार रुपये होते आणि बाजारात 6 लाख 40 हजार अडकले होते. फेब्रुवारीत एका मोठ्या नमकीनवाल्याला 2 लाखांचं बिल दिलं होतं, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2 लाख 36 हजार. त्यातला एक रुपयाही हातात आला नव्हता, पण 20 मार्चला 36 हजार सरकारात भरायचेच होते. कर बिलावर लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही हे कोणी विचारत नाही. आईची एफडी मोडून मी ते भरले. आईने एक शब्द विचारला नाही. बँकेत माझ्याबरोबर आली, सही केली आणि येताना भाजी घेऊन घरी आलो.

आज हे लिहितेय कारण गेल्या रविवारी भाचा आणि त्याचा मित्र आले होते. पोहे झाले, मग लॅपटॉप उघडला. त्यांच्या नव्या स्टार्टअपच्या 22 स्लाइड. बाजार किती हजार कोटींचा, पाच वर्षांनी आपण कुठे असू, गुंतवणूकदार कुठले गाठायचे. मुलं हुशार आहेत, राबणारी आहेत, आणि त्यांनी बनवलेलं मला खरंच आवडलं. मी एवढंच विचारलं, "आत्तापर्यंत पैसे किती जणांनी दिले?"

"मावशी, सध्या फ्री ट्रायल आहे. सात जण वापरतायत."

"मागितलेस?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आत्ताच कसं मागायचं?"

हे "कसं मागायचं" मी चांगलं ओळखते. इंदूरमधली आपली मराठी घरं बहुतेक नोकरदारांची. कुणाचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत आलेले, पुढच्या पिढ्या शाळा, बँक, रेल्वे, सरकारी कचेऱ्यांत. माझे बाबा शिक्षक होते. शिकवणीचे पैसे कुणी आणून दिले तर घ्यायचे, नाही दिले तर विषय काढायचे नाहीत. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं बोलू नये, हे आमच्यावर लहानपणापासून बिंबलेलं. माणूस म्हणून मला ते आजही मोलाचं वाटतं. पण धंद्यात त्याच संकोचापायी मी दीड वर्ष घालवलं. सियागंजातल्या, म्हणजे इथल्या घाऊक बाजारातल्या, व्यापाऱ्याचं पोर शाळेत असतानाच गल्ल्यावर बसायला लागतं. ते तगाद्याला जातं, चहा पितं, पैसे घेऊन येतं आणि संबंधही टिकवतं. आपल्याला हे मोठेपणी शिकावं लागतं.

आमचं सॉफ्टवेअर नमकीन आणि मिठाईच्या घाऊक ऑर्डरी घेण्यासाठी होतं. पहिली आवृत्ती मी खोलीत बसून बनवली आणि ती कुणीही नीट वापरली नाही. मग दिवाळीच्या आधी तीन दिवस एका कारखान्यात नुसती बसून राहिले. फोनवर देवास, उज्जैन, खरगोनच्या ऑर्डरी येत होत्या, एक मुलगा चिठ्ठीवर लिहून ती तारेला टोचत होता. माझं सगळं लक्ष त्या तारेवर होतं, कारण माझ्या मते दुखणं तिथे होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो भरून तयार होता आणि मालकाने तो थांबवला. मुनीमजींनी लाल वही उघडली, बोट फिरवत खाली आले आणि एका नावावर थांबले. त्या दुकानदाराची मागची बाकी तशीच होती. 14 पेट्या टेम्पोतून उतरवल्या. हमाल वैतागले, टेम्पोवाला वैतागला, माल परत गोदामात गेला.

तेव्हा मला कळलं की चिठ्ठ्यांचा पसारा मालकाला सलतच नव्हता. ऑर्डर लिहिताना त्याच क्षणी त्या दुकानदाराची बाकी समोर दिसावी, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही पंधरा दिवसांत स्क्रीनवरचा पहिला रकाना बाकीचा केला. पुढच्या तीन महिन्यांत नवे नऊ गिऱ्हाईक मिळाले ते त्या एका रकान्यामुळे. इंदूरच्या मुलांना मी म्हणूनच सांगते, विजय नगरच्या गार कोवर्किंग ऑफिसात बसून गिऱ्हाइकाचं दुखणं कळत नाही. पालदा आणि सांवेर रोडचे कारखाने, सियागंजचा बाजार सगळं गावातच आहे, कारखान्यांचं पीथमपूरही फार लांब नाही. तीन दिवस जाऊन बसा. काही विकू नका, फक्त बघा.

पण गिऱ्हाईक मिळालं तरी पैसे मिळत नव्हते, आणि त्यात निम्मी चूक माझी होती. बिल मी मालकाच्या मुलाला ईमेल करायचे, कारण सॉफ्टवेअर त्याने पसंत केलं होतं. दोन महिने आठवणीचे मेसेज टाकले. शेवटी दुकानात गेले तेव्हा मुनीमजी म्हणाले, "बिटिया, जो कागज़ मेरे पास आया नहीं, उसका पेमेंट मैं कैसे चढ़ाऊँ?" वापरणारा एक, पसंत करणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा. त्या दिवसापासून मी बिल छापून नेते, मुनीमजींच्या हातात देते आणि त्यांचा पेमेंटचा वार विचारून घेते. प्रत्येक पेढीचा वार ठरलेला असतो. त्या वाराच्या आदल्या दिवशी फोन करायचा, पेमेंट होऊन गेल्यावर केलेला फोन आठवडा वाया घालवतो.

दुसरा बदल म्हणजे अर्धे पैसे आगाऊ. पहिल्यांदा हे बोलले तेव्हा जीभ जड झाली होती. समोरच्याने क्षणभर पाहिलं आणि चेकबुक मागवलं. नाही म्हणणारेही भेटले, आणि त्यातले बहुतेक नंतरही द्यायला तयार नसतात हे अनुभवाने सांगते. फुकट वापरणारे सात जण हे सात गिऱ्हाईक नव्हेत. त्यांना महिन्याचे 500 रुपये मागा, जे देतील त्यांच्याकडून शिका.

कायदाही आपल्या बाजूने आहे, पण नव्या पोरांना तो ठाऊक नसतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, ती करून घ्या आणि तो नंबर बिलावर छापा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून आयकरात अशी तरतूद आली की मुदत टळून गेलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे मार्च आला की गिऱ्हाइकाचा सीए स्वतःच अशा बिलांची यादी मागतो. हे माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. तक्रार करण्याची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, बिलावरचा नंबर आणि फेब्रुवारीतलं एक सभ्य पत्र पुरेसं होतं.

भाच्याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मात्र आधीच काढून ठेवलीय. मला याची काळजी वाटते. एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट करावंच लागतं. हिशेबाचा आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म वेळेत भरला नाही तर प्रत्येकी दिवसाला 100 रुपये दंड, वर मर्यादा नाही. वर्षभर विसरलं तर दोन्ही मिळून 73 हजार. गुंतवणूकदार दारात येईपर्यंत एकटा असेल त्याने प्रोप्रायटरशिपवर, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्या नावावर, काम करायला काहीच हरकत नाही. जीएसटीलाही घाई नको: राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत नोंदणी सहसा लागत नाही. मोठं गिऱ्हाईक जीएसटीचं बिल मागतं म्हणून मी आधीच घेतली, आणि 20 मार्च त्यातूनच आला.

दोघं मित्र असाल तर हिस्सा पहिल्या दिवशी पूर्ण वाटून टाकू नका. चार वर्षांत थोडा थोडा पक्का होईल, आणि वर्षाच्या आत सोडून गेला तर काहीच नाही, असं लिहून सही करा. माझा भागीदार आठ महिन्यांत गेला आणि अर्धा हिस्सा पाच वर्षं त्याच्याच नावावर राहिला. तो वाईट माणूस नव्हता. आम्ही फक्त लिहिलं नव्हतं.

मी वापरते तो कोटेशनचा मसुदा, आगाऊ रकमेची अट आणि ते फेब्रुवारीचं पत्र कुणालाही द्यायला तयार आहे. मेसेज करा. शनिवारी उत्तर उशिरा येईल, शनिवारी मी सियागंजात वसुलीला असते.