निर्वानानंतर काय ऐकावे, याचे माझे उत्तर

माझा भाचा जळगावला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात तो भुसावळला आला होता. रात्री गच्चीवर अंथरुणे घालता घालता त्याने विचारले, "मामा, निर्वानाचे सगळे ऐकून झाले, आता त्यांच्यासारखे दुसरे कोण?" निर्वाना म्हणजे त्याचा आवडता अमेरिकी रॉक बँड. मोबाइलमधले अ‍ॅप त्याला रोज नवी नावे सुचवत होते आणि प्रत्येक नावाला तो दोन गाण्यांत कंटाळत होता. मी तेव्हा एकदोन नावे सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडची आणखी काही मुले हेच विचारत असतात, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो आहे.

आवडलेल्या बँडसारखा ऐकू येणारा बँड शोधू नये. त्या बँडने स्वतः कोणाला ऐकले, ते शोधावे. भरीत आवडले की आपल्याकडचा माणूस आधी वांगी कुठली ते विचारतो, बामणोदची म्हटले की समाधानाने मान हलवतो. गाण्याच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारत नाही. अ‍ॅप आवाजाचे साम्य पाहते, आणि आवाजाचे साम्य पुष्कळदा नकलेतून आलेले असते. निर्वानाचा आवाज नंतर शेकडो जणांनी उचलला, पण तो आवाज ज्या भुकेतून आला ती भूक उचलता येत नाही.

तेव्हा पहिले नाव पिक्सीज. बॉस्टनचा हा बँड १९८६ साली सुरू झाला. कडवे जवळजवळ कुजबुजल्यासारखे आणि ध्रुपद एकदम अंगावर कोसळणारे, ही जी रचना निर्वानामुळे जगभर गेली, ती मूळची यांची. आपण पिक्सीजची नक्कल करायला निघालो होतो, असे निर्वानाचा गायक कर्ट कोबेन याने १९९४ मध्ये रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकाला दिलेल्या मुलाखतीत स्वच्छ कबूल केले होते. आधी १९८९ चा 'डूलिटल' ऐकावा, मग १९८८ चा 'सर्फर रोझा'. 'सर्फर रोझा' ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीकडेच निर्वाना १९९३ साली 'इन युटेरो' करायला गेले. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले की ढोल कसा खोलीत समोर बसून वाजवल्यासारखा येतो, ते कानाला लगेच कळते.

दुसरे नाव मीट पपेट्स, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण खानदेशातल्या माणसाला हा बँड इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल अशी माझी खात्री आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये निर्वानाने एमटीव्ही या संगीतवाहिनीसाठी जो 'अनप्लग्ड' नावाचा कार्यक्रम केला, त्यात त्यांनी कर्ट आणि क्रिस कर्कवुड या दोन भावांना मंचावर बोलावून त्यांचीच तीन गाणी गायली. ती तिन्ही गाणी 'मीट पपेट्स टू' या १९८४ च्या अल्बममधली आहेत. हे भाऊ अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सचे, म्हणजे वाळवंटातले, जेथे उन्हाळ्यात पारा भुसावळसारखाच पंचेचाळीसच्या पुढे जातो. एकदा मे महिन्यात दुपारी वीज गेली, कूलरचा पंखा घरघरत थांबला, त्याच्या जाळीतून टपटपणारे पाणीही हळूहळू बंद झाले, आणि मी ओल्या फरशीवर पडून हा अल्बम सुरुवातीपासून ऐकला. गिटार सरळ रेषेत चालतच नाही, डांबरी रस्त्यावर लांबून दिसणाऱ्या मृगजळासारखी हलत राहते. गाणाऱ्याचा सूर वरखाली होतो, काही ठिकाणी चक्क घसरतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे कच्चे वाटेल, पण उन्हात डोके जड झालेल्या माणसाचे बोलणे असेच असते, आणि म्हणून मला तो सूर खरा वाटतो.

तिसरे नाव स्क्रीमिंग ट्रीज. अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या पूर्वेला, डोंगर ओलांडल्यावर एलेन्सबर्ग नावाचे शेतीचे गाव आहे. हा बँड तेथला. निर्वानाचे अ‍ॅबर्डीनही लाकूडतोडीवर जगणारे लहान गावच. या संगीतामुळे सिएटलचे नाव मोठे झाले, परंतु त्यातला बराचसा माल बाहेरगावाहून आलेला आहे, ही गोष्ट आपल्या मुलांनी लक्षात ठेवावी असे मला वाटते. ट्रीजचा गायक मार्क लॅनेगन २०२२ मध्ये गेला. त्याचा आवाज खर्जातला, खरखरीत, वय होण्याआधीच वयस्क झालेला. त्याच्या 'द वाइंडिंग शीट' या १९९० च्या एकट्याच्या अल्बममध्ये कोबेन सहभागी होता आणि अनप्लग्डच्या शेवटी कोबेनने जे जुने लोकगीत गायले, ते या अल्बममध्ये आधीच आहे. ट्रीजचा १९९२ चा 'स्वीट ऑब्लिव्हियन' मी पहिल्यांदा सुरत मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये ऐकला. अमळनेर, दोंडाईचा मागे पडले, नंदुरबार जवळ आले तशा रुळाकडेला मिरचीच्या पथारी दिसू लागल्या, लालभडक, नजर जाईल तिथवर, आणि उघड्या खिडकीतून येणाऱ्या खकाण्याने डब्यात सगळे ठसकत होते. तो आवाज आणि तो ठसका माझ्या आठवणीत एकमेकांपासून वेगळे होत नाहीत.

इंग्रजी शब्द नीट कळत नाहीत म्हणून बिचकणाऱ्यांनी आर.ई.एम.चा १९८३ चा 'मर्मर' घ्यावा. जॉर्जियातल्या अथेन्सच्या या बँडमधला मायकेल स्टाइप त्यात इतका पुटपुटतो की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही शब्द लागत नाहीत, तरी गाणे पोहोचते. कोबेनला हे लोक फार आवडत.

रेडिओहेड हा इंग्लिश बँड आवडणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की टॉक टॉक या बँडचा १९८८ चा 'स्पिरिट ऑफ ईडन' एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐकावा. सहाच गाणी आहेत. त्यातल्या शांततेलाही वजन आहे.

आणि रात्रपाळी करणाऱ्यांसाठी लो. अ‍ॅलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर या पतिपत्नींनी १९९३ साली मिनेसोटातल्या डुलुथमध्ये हा बँड सुरू केला. डुलुथ हे लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालगाड्यांचे बंदर आहे. आमच्या भुसावळच्या यार्डात रात्री डबे जोडल्याचा धक्का एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जातो, तशी यांची लय आहे. मिमी उभ्याने, अगदी मोजक्या वाद्यांवर ब्रशने ताल धरत असे आणि गातही असे. २०२२ मध्ये ती गेली. 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' या २००१ च्या अल्बमपासून सुरुवात करावी. घाई करणाऱ्याला हा बँड काहीच देणार नाही.

भाच्याला मी शेवटी इंडियन ओशनचा २००० सालचा 'कंदिसा' पाठवला. हा दिल्लीचा बँड आणि निर्वानाशी त्याचे आवाजाचे काडीचेही साम्य नाही. पण त्यांचा बास वाजवणारा राहुल राम पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून आला आणि नर्मदा बचाओ आंदोलनात काही वर्षे राहिला. 'मा रेवा' हे त्या खोऱ्यातले पारंपरिक गाणे या अल्बममध्ये आहे. अक्कलकुव्यातले मणिबेली, धडगावची काठावरची गावे ज्या नदीत बुडाली, तीच ही रेवा, म्हणजे नर्मदा. भाच्याचा दोन दिवसांनी फोन आला. गाण्याविषयी तो काही बोलला नाही. मणिबेलीला कसे जायचे, एवढेच त्याने विचारले.