घरी सर्व्हेला येताच आहात, तर मावशींनाही विचारा

आजारी माणसाची घरी काळजी कशी घेतली जाते यावर अभ्यास करायचा आणि ती काळजी घेणाऱ्या बाईला एक शब्दही विचारायचा नाही, हे आता थांबलं पाहिजे.

मी लातुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. लकवा मारलेले, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, पार्किन्सनचे पेशंट. बहुतेक घरांत एक मावशी, म्हणजे पेशंटला सांभाळणारी पगारी बाई असते, बारा तासांच्या नाहीतर चोवीस तासांच्या ड्युटीवर. हल्ली नर्सिंगची, सोशल वर्कची मुलं-मुली फॉर्म घेऊन अशा घरांत येताना दिसतात. चांगलं आहे, यायलाच पाहिजे. पण फॉर्म भरून देतो मुलगा, सून, कधी तर पुण्याहून फोनवर लेक. रात्री किती वेळा उठावं लागतं, कूस किती तासांनी बदलता, या प्रश्नांचीसुद्धा उत्तरं तेच देतात. मावशी पाणी आणून ठेवतात आणि आत जातात.

लातूरला या मावशींची एवढी गरज का पडली, हे लातूरकरांना सांगायला नको. पोरं शिकली, डॉक्टर-इंजिनिअर झाली, पुणे, हैदराबाद, अमेरिकेला गेली. लातूर पॅटर्नचा मलाही अभिमान आहे. पण औसा रोड, अंबाजोगाई रोडच्या मोठाल्या घरांत आता दोन म्हातारी माणसं आणि एक मावशी उरलेत. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरातले जवळपास दहा जण साठीच्या पुढचे होते. त्या मावशी येतात रेणापूर, चाकूर, औशाकडच्या खेड्यांतून. कितीतरी जणींचा नवरा वारलेला असतो, नाहीतर सोडून गेलेला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, म्हणून काहींना रोज जाऊन-येऊन ड्युटी करणं परवडतं.

या बायकांना काय माहीत असतं, ते एका उदाहरणावरून सांगते. माझे एक पेशंट, आजोबा, उजवी बाजू गेलेली. चहा दिला की ठसका, पाणी दिलं की ठसका. डिस्चार्ज कार्डवर एवढंच लिहिलेलं : मऊ आहार. त्यांच्याकडच्या मावशींच्या आठवडाभरात लक्षात आलं की वरणात कुस्करलेली भाकरी नीट उतरते, ठसका लागतो तो पातळ पदार्थांनीच. मग त्या चहात बिस्किट कालवून तो लापशीसारखा घट्ट करू लागल्या. आजोबांना पाठीशी उशा लावून ताठ बसवायचं, अर्धा चमचा तोंडात द्यायचा, हनुवटी छातीकडे घ्यायला लावायची आणि गिळल्याचं गळ्याकडे बघून कळलं की मगच पुढचा चमचा. जेवण झाल्यावरही अर्धा तास आडवं करायचं नाही. लकव्यानंतर गिळायला त्रास होतो, पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. मावशींना कोणी शिकवलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घास कसा उतरतो ते बघत बसले ताई, दुसरं काय करावं?"

घरच्या लोकांना यातलं अर्धंही माहीत नव्हतं. उद्या कोणी त्या घरी फॉर्म घेऊन आलं, तर 'गिळताना त्रास होतो का' याच्यापुढे सून 'नाही' अशी खूण करेल आणि ती खोटं बोलत नसेल. तिच्यासमोर आजोबांना ठसका लागतच नाही, कारण मावशींनी तो लागू दिलेला नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं. जिथे काम उत्तम होतं तिथे ते कागदावर दिसतच नाही.

देशपातळीवर बघा. 'लासी' नावाचं वृद्धत्वाचं मोठं सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झालं, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडे त्याची मुख्य जबाबदारी होती. पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची माहिती घेतली. अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, यात अडचण येते का हे त्यात विचारलं. फार मोलाचं काम आहे ते. पण अंघोळ घालणाऱ्या पगारी बाईची कंबर धरली का, तिला ग्लोव्हज मिळतात का, ती झोपते कुठे, हे विचारायला वेगळाच अभ्यास लागेल. तो आपल्या विद्यापीठांनी, कॉलेजांनी करावा. तुळजापूरला टिसचं, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं कॅम्पस आहे, अंबाजोगाईला आणि लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. माणसं आपल्याकडे आहेत.

"त्या चौथी-पाचवी शिकलेल्या, त्या काय सांगणार?" असं मला एकाने तोंडावर विचारलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांनाच नवजात बाळांची तपासणी आणि नोंदी शिकवल्या. ३९ गावांत काम झालं आणि तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी निघाला. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इतकं लांब तरी कशाला जायचं? तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' म्हणून, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका म्हणून, गावातल्याच बायका तयार केल्या. आणि बीड? ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात ही कुजबुज वर्षानुवर्षं होती. २०१९ मध्ये ८२ हजारांवर बायकांना विचारलं, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींचं ऑपरेशन झाल्याचं समोर आलं. त्यानंतर मात्र कोणाला तो विषय नुसती कुजबुज म्हणून उडवून लावता आला नाही.

आता विचारायचं म्हणजे कसं, त्यावर माझं स्पष्ट मत आहे. मावशींना त्या घराच्या स्वयंपाकघरात, मालकिणीसमोर विचारू नका. मावशी पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत तर नकोच. ड्युटी ब्युरो देतो, कमिशन तो कापतो. तक्रार कानावर गेली तर पुढची ड्युटी मिळेल याची खात्री नाही. त्या कशाला तोंड उघडतील? शिवाय त्यांचा वेळ फुकट धरू नका. इंग्लंडमध्ये सोशल केअरच्या संशोधनासाठी २००९ पासून सरकारी पैशावर चालणारी खास संस्था आहे, पण तिथेही घरोघर जाणाऱ्या केअर वर्करला संशोधनात आणणं सोपं नाही. भेटीच्या मिनिटांवर मजुरी, आणि दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेचे पैसे अनेकींना मिळत नाहीत. अशी बाई मुलाखतीला फुकट तास कुठून देणार? आपल्या मावशींचंही तेच आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भाग घेणाऱ्याला प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला देता येतो असं लिहिलेलं आहे. मग प्रोजेक्टच्या बजेटमध्ये झेरॉक्सला पैसे आहेत, तसे मावशींच्या तासालाही ठेवा.

संमतीपत्राचंही बघा. "सदर अभ्यासात मी स्वेच्छेने" वगैरे वाचून दाखवलं की बाई गप्प होते. बचत गटाच्या, फायनान्सवाल्यांच्या कागदांवर सह्या करून त्या पोळलेल्या आहेत. "सही कशाला पायजे?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. बसून बोलीत समजावून सांगा. नाव येणार नाही, पेशंटचंही येणार नाही, नको वाटलं तर मधेच उठून जाता येतं, हे सांगा. पेशंटचंही मुद्दाम म्हटलं, कारण मावशींना घरातलं सगळं दिसतं आणि त्या म्हाताऱ्या माणसाची लाज राखणं त्या स्वतःचं काम मानतात.

आणि निकाल परत आणून सांगा. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात किती सर्व्हे झाले ते आठवा. फॉर्म भरून नेलेले लोक पुन्हा कधी दिसले, असं तिकडची म्हातारी माणसं आजही विचारतात. तेच मावशींच्या बाबतीत होऊ नये. प्रश्न ठरवतानाच चार-पाच जणींना बोलवा. माझी खात्री आहे, त्या सुचवतील ते प्रश्न तुमच्या यादीत नसतील. रात्रपाळीत पेशंटने मारलं तर कोणाला सांगायचं? पेशंट वारला त्या दिवसाचा पगार धरतात का? हे दोन मला मावशींनीच सांगितले आहेत.

ज्यांच्या घरी मावशी आहेत त्यांनाही एक विनंती. कोणी असा अभ्यास घेऊन आलं तर मावशींना दोन तास सोडा, पगार न कापता. तेवढा वेळ तुम्ही बसा पेशंटजवळ.

लातूर, नांदेड, धाराशिवकडचं कोणी या विषयावर प्रबंध करणार असेल तर कमेंटमध्ये लिहा. ज्या मावशी बोलायला तयार आहेत त्यांना विचारून मी गाठ घालून देईन. फक्त संध्याकाळी सात ते आठ ही वेळ धरू नका. तेव्हा ड्युटी बदलते आणि गावाकडची शेवटची एसटी पकडायची असते.