जुलैत वाळवंटातून बिऱ्हाड कसं हलवावं

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातलं भाडं परवडेनासं झालं, अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला नोकरी लागली आणि मूव्हर्सनी सांगितलेला आकडा ऐकून तुम्ही फोन कानापासून लांब धरलात, की समजायचं, योग्य वेळ आली. आता कोणी जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, विकतंय का ते बघा. हिशेब अगदी सरळ आहे. सामान त्यातच भरायचं, माणसं त्यातच बसवायची, हॉटेलचा खर्च वाचवायचा आणि पोचल्यावर गाडी घेतल्या भावात विकून टाकायची. म्हणजे बिऱ्हाड फुकटात पोचलं. हा हिशेब एक्सेलमध्ये मांडला की फार देखणा दिसतो. त्यात शेवटी 'इतर' नावाची एक ओळ असते. तिथे शून्य घाला.

महिना जुलैच निवडा. जुलैत जुनी मोटरहोम्स स्वस्त मिळतात. का मिळतात, असं विचारू नये, विकणाऱ्याला वाईट वाटतं. ही वाहनं भाड्याने देणारे कित्येक लोक उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ नका म्हणून करारातच लिहून घेतात, पण तो व्यापारी वर्ग. तुम्ही डेथ व्हॅलीतून जाणार नाही आहात, तिच्या दक्षिणेच्या वाळवंटातून जाणार आहात. नावात मृत्यू नाही, म्हणजे झालं.

गाडी घेताना टायरची नक्षी तेवढी बघा. ती नवीकोरी असते, कारण आधीच्या मालकाने वर्षातून दोनदाच गाडी बाहेर काढलेली असते. टायरच्या कडेवर, लांबलचक आकड्या-अक्षरांच्या शेवटी, चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३२११' असेल तर टायर २०११ च्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. एवढी पत्रिका छापलेली असूनही ती वाचू नका. मुलीच्या लग्नात छत्तीस गुण जुळवणारे आपण, पण इथे प्रेमविवाह करायचा. रबर उभ्या उभ्या उन्हात म्हातारं होतं, नक्षी न झिजताही आतून तडकतं, सहा-सात वर्षांनी बदलावं, असं टायरवाले सांगतात. त्यांना टायर विकायचे असतात. विकणाऱ्याच्या बोलण्यावर कधी जाऊ नये. (हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.)

आता सामान. दाराजवळ कुठेतरी एक पिवळा स्टिकर असतो. या गाडीत किती वजन भरता येईल ते त्यावर लिहिलेलं असतं. त्यावर कालनिर्णय टांगा. पाण्याची टाकी काठोकाठ भरा. ५० गॅलन पाणी म्हणजे १९० किलो, पण पाण्याचं वजन कोण मोजतं? मग स्टीलचे डबे, डोशाचा ग्राइंडर, गौरीचे मुखवटे, आणि दहा वर्षांचे दिवाळी अंक, जे वाचून झालेले नाहीत म्हणून टाकवत नाहीत. पाटा-वरवंटा नेमका मागच्या डाव्या चाकांवर येईल असा ठेवा. मागे डॉलीवर (गाडीची पुढची चाकं चढवून ओढायचा दोनचाकी गाडा) तुमची नेहमीची गाडी जोडा, म्हणजे एकूण लांबी एसटीच्या दीड पट होते. डॉली जोडलेली असताना मागे घेता येत नाही, घेतली की डॉली काटकोनात वळून बसते. हे तुम्हाला पहिल्या पेट्रोल पंपावर कळेल, तेव्हा आत्ता सांगून मजा घालवत नाही. पंप वारंवार येतीलच. लिटरला तीन किलोमीटर या हिशेबाने बाराशे किलोमीटरला चारशे लिटर लागतं.

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली असेल तर तिला विमानाने पुढे पाठवू नका. बरोबर घ्या. ती निघताना कनवटीला कांदा ठेवेल आणि तुम्ही हसाल. हसून घ्या.

लॉस एंजेलिसपर्यंत काही होत नाही. पाम स्प्रिंग्जच्या अलीकडच्या पवनचक्क्यांचे फोटो निघतात, मुलं फ्रीजमधून पेप्सी काढतात, तुम्ही बायकोला म्हणता, "बघ, उगाच घाबरत होतीस." खरी यात्रा इंडिओच्या पुढे सुरू होते. इंडिओ समुद्रसपाटीच्याही किंचित खाली आहे आणि तिथून आय-१० हायवे चिरियाको समिट नावाच्या माथ्यापर्यंत पाचशे मीटर चढतो. खंडाळ्यासारखी वळणं नाहीत, दरी नाही, धबधबा तर नाहीच. सरळ, रुंद, पेंगुळलेला चढ. पायाखालच्या ॲक्सिलरेटरशिवाय कोणालाच तो जाणवत नाही. इथे गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा, अशी सरकारी पाटी आहे. रेडिएटरसाठी कडेला पाण्याच्या टाक्याही ठेवल्या आहेत. ज्या रस्त्यावर सरकार स्वतःहून फुकट पाणी ठेवतं, तिथे काळजी कसली? एसी चालूच ठेवा. पाटी दुसऱ्यांसाठी असते.

काटा लाल रेघेला टेकला की तुमच्या हुशारीचा क्षण येतो. तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं की अशा वेळी केबिनचा हीटर पूर्ण सोडावा. गोष्ट खरी आहे. हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो आणि तुमच्या पायांवर सोडतो. तेव्हा बाहेर ४६ अंश, आत हीटर, मागे दिवाळी अंक, असा प्रवास करा. बायको या काळात काही बोलत नाही. ते न बोलणं पुढे बरीच वर्षं टिकतं.

मग गाडी कडेला घ्या आणि उतरून लगेच रेडिएटरचं झाकण उघडा, असा सल्ला मी देणार होतो. पण इथे आई आडवी येते. ते झाकण साधारण एका वातावरणाएवढा जादा दाब धरून असतं, म्हणून आतला कूलंट १२० अंश ओलांडेपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की सगळा एकदम उकळतो आणि तोंडावर येतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे तुम्ही लिहून पास झालात. आईने पस्तीस वर्षं वरण लावलं. "वाफ गेल्याशिवाय कुकर उघडते का कोणी? काय करून राहिला रे तू?" असं ती म्हणते आणि तुम्हाला मनगटाला धरून मागे ओढते. तुमची यात्रा इथेच दवाखान्यात संपली असती आणि पुढचे सल्ले वाया गेले असते, म्हणून तिचे आभार.

इंजिन निवायला तास-दीड तास लागतो. समिटवर असाल तर तिथे अमेरिकन सेनापती जनरल पॅटनचं संग्रहालय आहे, बाहेर रणगाडे मांडलेत. आपल्याला हा माणूस १९६५ च्या युद्धात खेमकरणला मोडून पडलेल्या त्याच्या नावाच्या रणगाड्यांमुळे ठाऊक. १९४२ साली त्याने हेच वाळवंट सैन्याला तालीम द्यायला निवडलं, कारण उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढायचं तर त्याच्याच तोडीची उजाड, तापलेली जागा हवी होती. लोखंड आणि माणूस कुठे मोडतात ते बघायला जी जागा मुद्दाम शोधून काढली, तिथे तुम्ही डोशाचा ग्राइंडर घेऊन आला आहात. मुलांचा एक फोटो घ्या.

एव्हाना फ्रीजने मान टाकलेली असते. मोटरहोमचा जुना फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो. खाली आग, वर थंडावा, मध्ये अमोनियाच्या नळ्या. गाडी कलती उभी असली की त्यातला प्रवाह अडतो, आणि बाहेरचीच हवा ४५ च्या पुढे गेली की नळ्यांतली उष्णता घ्यायला कोणी उरत नाही. सकाळचं श्रीखंड दुपारी पातेल्यात ओतता येतं. छतावरचा एसी बाहेरच्यापेक्षा दहा-अकरा अंश कमी करतो, म्हणजे ४६ चे ३५. तोसुद्धा जनरेटर चालला तर. जनरेटर इंजिनाच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, पण टाकी पावाच्या खाली गेली की त्याला मिळेनासं होतं. घर थंड करण्याच्या नादात गाडी वाळवंटात अडकू नये म्हणून बनवणाऱ्याने त्याची नळीच वर ठेवलेली असते. पाव टाकी राहिली असताना 'पुढच्या पंपावर स्वस्त असेल' म्हणून पुढे जाणाऱ्या माणसाची त्याला कल्पना होती.

आई मात्र पंचा ओला करून खिडकीत टांगते, दुसरा डोक्याला बांधते आणि नवतपातल्या गोष्टी सांगत बसते. तिच्या खिडकीतून येणारी हवा तुमच्या पंधरा हजार बीटीयूच्या एसीपेक्षा गार लागते. कोरड्या हवेत ओलं फडकं म्हणजे कूलरच. फिनिक्सच्या घरांवरही एकेकाळी कूलरच असायचे, फक्त वाळ्याचा वास नसायचा. तुम्ही तिच्या शेजारी बसू नका. स्वाभिमान आहे की नाही?

डेझर्ट सेंटर नावाचं गाव येतं. नाव ऐकून तिथे काहीतरी मध्यवर्ती असेल असं वाटतं; पण बंद पडलेला पेट्रोल पंप, बंद पडलेली खानावळ. त्याच्या पुढे, जिथे फोनला रेंज नसते, तिथे पाट्या-वरवंट्याखालचा टायर फुटेल. आवाज तोफेसारखा येतो आणि रबराचा पट्टा जाता जाता चाकाजवळची सांडपाण्याची पाइपही उपटून नेतो. सकाळी हवा तपासून, दुपारी टायर तापल्यावर आकडा वाढलेला बघून तुम्ही हवा काढली असेल तर विशेष अभिनंदन. थंड टायरची हवा मोजायची असते. तापल्यावर तो आकडा वाढणारच, दर दहा फॅरनहाइटमागे साधारण दोन टक्के. तो वाढलेला आकडा 'दुरुस्त' केला की टायर कमी हवेवर चालतो, आणखी तापतो आणि रजा घेतो.

इथे रोडसाइडच्या, म्हणजे रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्यांच्या, मेंबरशिपचं कार्ड काढा. साध्या मेंबरशिपमध्ये गाडी येते, घर येत नाही. घर ओढायला ट्रेलर ओढणारा मोठा टो ट्रक लागतो. तो ब्लाइथहून निघतो, आणि शुक्रवारी दुपारी तीननंतर त्याचा दर आणि आवाज दोन्ही बदलतात. तोवर प्यायचं पाणी किती उरलंय ते मोजा. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर धरावं असं वाळवंटातले रेंजर्स सांगतात. टाकीतलं १९० किलो पाणी आहे की, असं म्हणत नळ सोडलात तर चहाच्या आधणासारखं पाणी येईल. काळ्या टाकीबद्दल, म्हणजे संडासाच्या टाकीबद्दल, मी लिहिणार नाही. ती पोचल्यावर रिकामी करू, असं तुम्ही निघताना म्हणाला होतात, आणि ४६ अंशाला तीन दिवस ठेवलेली कुठलीही गोष्ट फसफसते, एवढं आंबवणाचं शास्त्र डोसे खाणाऱ्याला कळतं.

गॅरेज कोलोरॅडो नदीपलीकडे क्वार्टझसाइटला मिळेल. हिवाळ्यात या गावात हजारो मोटरहोम्स येऊन वस्ती करतात. अनुभवी लोक असतात ते. जुलैत तुम्ही एकटे. मेकॅनिक गाडीभोवती एक फेरी मारतो, पिवळा स्टिकर वाचायला कालनिर्णय उचलतो, तुमच्याकडे बघतो आणि पार्ट मंगळवारी येईल म्हणतो. मंगळवारपर्यंत गावात बघण्यासारखी एक जागा आहे, हाय जॉलीचं थडगं. मूळ नाव हाजी अली. अमेरिकन लष्कराने १८५६ साली हे वाळवंट पार करायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला, आणि इथल्या जिभेवर त्याचा हाय जॉली झाला. उंट कामात उत्तम ठरले. खेचरं बिचकायची, सैनिकांना वास सहन व्हायचा नाही, पुढे यादवी युद्ध सुरू झालं आणि प्रयोग बासनात गेला. हाजी अली १९०२ साली या गावात वारला. १९३५ साली त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड बांधला, टोकावर धातूचा उंट. बांधला कोणी, तर राज्याच्या हायवे खात्याने. तुम्ही उन्हात उभे राहून तो उंट बघता. त्याला रेडिएटर नाही, टायर नाहीत, काळी टाकी नाही.

फिनिक्सच्या वाटेवर एक शेवटची गंमत राहते. अ‍ॅरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर 'मान्सून' असतो. हा शब्द रेडिओवर ऐकून बायकोला भजी आठवतात, बऱ्याच तासांनी ती हसते. मग क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते आणि हायवेवर चालत येते. धुळीचं वादळ. अशा वेळी रस्ता पूर्ण सोडून थांबावं, सगळे दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचाही पाय काढावा असं इथलं हायवे खातं सांगतं, कारण मागचा चालक तुमचे लाल दिवे बघून, पुढे रस्ता आहे समजून, थेट तुमच्यावर येतो. तुम्ही इथे जन्मभराचा स्वभाव सोडून हा एक नियम पाळा. गाडी शाबूत राहायला हवी. तिचं पुढे काम आहे.

पोचल्यावर एक्सेल उघडा. 'इतर' ची ओळ पान भरून खाली जाते. आईला विचाराल तर ती म्हणेल, "नागपूरच बरं होतं बाबा." २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता, हे तिला आत्ताच सांगू नका.

आणि मग शांत मनाने जाहिरात लिहा. खोटं काही लिहायचं नाही. 'एकच कुटुंब. एकच प्रवास. मागचा एक टायर अगदी नवा. वाळवंटाची सवय. पिवळा स्टिकर शाबूत.' खरं सांगायचं तर मी लिहूनच ठेवली आहे. तुमचं टेक्सासचं ऑगस्टमध्ये नक्की झालंय असं ऐकलं, म्हणून आधी तुम्हालाच सांगतोय. मूव्हर्सपेक्षा निम्म्यात पडेल. दिवाळी अंकांची खोकी तशीच आत आहेत, ती वर फुकट. बघायला या, पण सकाळी सहाच्या आत या. नंतर दाराच्या कडीला हात लावता येत नाही.