निकाल कोणाच्या बाजूने लागला?

गावी रात्रीची जेवणे आटोपलेली असतात आणि इकडे ब्रेमेनमध्ये हिवाळ्यातील दुपारचा उजेड मावळू लागलेला असतो, अशा वेळी दर रविवारी काकाजींचा फोन येतो. १८ फेब्रुवारी २०२४ च्या रविवारीही तो आला. पऱ्हाटीची शेवटची वेचणी, चांगल्या दराची वाट पाहत घरात पडून असलेला कापूस आणि नात्यातील एक ठरलेले लग्न हे विषय झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘तू तं तिकडं दूर बसला हायेस, तुले दोन्ही बाजू दिसत असतीन. सांग बरं, निकाल कोनाच्या बाजूनं लागला?’’ मी विचारले, ‘‘कोणता निकाल, काकाजी?’’ ते म्हणाले, ‘‘सगळेच.’’

‘सगळेच’ हा शब्द त्या दिवसांना अगदी नेमका लागू पडत होता. ६ फेब्रुवारीला निवडणूक आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेस हे नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले होते. १२ तारखेला अशोक चव्हाण काँग्रेसमधून बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय जनता पक्षात गेले. त्याच १३ तारखेला हमीभावाच्या मागणीसाठी पंजाबातून दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांना हरियाणाच्या शंभू सीमेवर अडवण्यात आले. १५ तारखेच्या गुरुवारी सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याची निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली आणि त्याच दिवशी मुंबईत विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी राष्ट्रवादीच्या दोन्ही गटांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील आमच्या गावाच्या पारावर या सगळ्याला निकाल हा एकच शब्द आहे. (एखाद्याचा ‘निकाल लावणे’ याचा आमच्याकडे जो दुसरा अर्थ आहे, तोही त्या आठवड्यात बऱ्याच जणांच्या मनात असावा.)

निष्पक्षपणे सांगायचे म्हटले की मला आधी हा एक शब्द उसवावा लागतो. निवडणूक आयोगाने दिला तो १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाखालचा निर्णय होता. पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणी वापरायचे एवढाच त्याचा विषय होता आणि आमदारकी राहील की जाईल, याच्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. आमदारकीचा प्रश्न दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे १९८५ साली घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदीचा. तो अध्यक्षांपुढे चालतो आणि अध्यक्ष तेथे न्यायाधिकरणासारखे बसतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केले असले तरी त्यांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते. चव्हाणांचे पक्ष बदलणे हा तर कोणाचाच निकाल नव्हता, तो एका व्यक्तीचा निर्णय होता. शंभू सीमेवर काहीच ठरलेले नव्हते. हे सारे काकाजींना सांगायला पंधरा मिनिटे लागली आणि त्यांना ते रुक्ष वाटले, हे त्यांच्या हुंकारांवरून कळत होते. परंतु हे सांगितल्याशिवाय पुढचे काहीही सांगणे म्हणजे कोणाची तरी बाजू आधीच घेणे होते, असे मला आजही वाटते.

रोख्यांच्या बाबतीत मात्र मीच चुकलो. ‘‘सरकार हरले,’’ असे मी बोलून गेलो आणि काकाजींनी लगेच पुढचा धागा ओढला, ‘‘म्हणजे विरोधक जितले.’’ तसे झालेले नव्हते. रोखे वटवणाऱ्यांत विरोधी पक्षही होते. पुढे १४ मार्चला आयोगाने जी माहिती प्रसिद्ध केली, तीत एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भारतीय जनता पक्षाला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०० कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२० कोटी रुपये मिळाल्याचे दिसले. सर्वांत मोठा वाटा सत्ताधारी पक्षाचा होता, हे जितके खरे तितकेच या झऱ्यावर इतरांनीही घागरी भरल्या, हेही खरे. याचिकाकर्त्यांपैकी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नव्हते, ही गोष्ट वेगळी उठून दिसते.

हरलेल्या बाजूचे म्हणणे तिच्या सर्वांत चांगल्या रूपात मांडता आले नाही, तर निष्पक्षपणाचा आव आणू नये. सरकारचे म्हणणे असे होते की पूर्वी निवडणुकीचा पैसा रोख आणि टेबलाखालून येत असे, रोख्यांमुळे तो स्टेट बँकेतून येऊ लागला, आणि देणगीदाराचे नाव उघड झाले तर दुसरा पक्ष सत्तेवर आल्यावर त्याच्यावर सूड उगवला जाण्याची भीती असते. काकाजींना हे पटवायला मला कायद्याचे पुस्तक लागले नाही. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत किराणा दुकानदार दोन्ही पॅनलना वर्गणी देतो आणि कोणाला किती दिली हे कधीच बोलत नाही, कारण निवडणुकीनंतर त्याला दोन्हीकडच्या घरांना तेल-साखर विकायची असते. न्यायालयाचे उत्तरही याच दाखल्यात बसते. वर्गणी कोणी किती दिली हे पॅनलच्या म्होरक्यांना पक्के माहीत असते. अंधारात राहतो तो मत देणारा. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने जे ठरवले, त्याचा गाभा हाच होता, की मतदाराचा माहितीचा अधिकार हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि ही गुप्तता सर्वांपासून सारखी नसून निवडक आहे. कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकणारी दुरुस्तीही त्याच निकालाने रद्द झाली. पीठावरील न्यायमूर्ती भूषण गवई हे आपल्या अमरावतीचे, एवढे ऐकल्यावर काकाजींचा हुंकार प्रथमच भरदार आला.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मला हा निकाल योग्य वाटतो. ते मी काकाजींना सांगितलेही, परंतु दोन्ही बाजू सांगून झाल्यावर आणि ‘हे माझे’ असे म्हणून सांगितले. परदेशात राहणाऱ्याने येथे आणखी एक मोह टाळावा लागतो, तो म्हणजे ‘आमच्याकडे बघा’ असे म्हणण्याचा. जर्मनीत १०,००० युरोंहून अधिक देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाच्या वार्षिक हिशेबात येते आणि फार मोठ्या देणग्या तर संसदेच्या अध्यक्षांना तत्काळ कळवून प्रसिद्ध कराव्या लागतात. हे सांगताना छाती फुगते; पण कंपनीने किती द्यावे यावर येथे वरची मर्यादाच नाही, हे सांगितल्यावर ती पुन्हा खाली येते. आपल्या न्यायालयाने जी अमर्याद देणगी मनमानी ठरवली, ती येथे नाव छापून चालते. एका ठिकाणी मर्यादेवर भर आहे, दुसऱ्या ठिकाणी नावावर, आणि दोन्ही नसलेली योजना आपल्याकडे सहा वर्षे चालली.

राष्ट्रवादीच्या निर्णयाबद्दल प्रश्न विचारला तो काकाजींनी नव्हे, तर कार्यालयातील एका जर्मन सहकाऱ्याने. ५३ पैकी ४१ आमदार एका बाजूला आहेत म्हणून तीच मूळ पक्ष, हे त्याला समजेना. आणि एका पक्षाचा सदस्य असलेला अध्यक्ष त्या पक्षाच्या मित्रगटाचा निवाडा कसा करतो, हे तर मुळीच समजेना. त्याचा दुसरा आक्षेप आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही अपरिचित नाही. हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे न्यायालयाने २०२० मध्ये सुचवले होते. पहिल्यावर मी त्याला उलट विचारले, की ऑक्टोबर २०२३ मध्ये सारा वागेनक्नेश्ट आणखी नऊ खासदारांसह डावा पक्ष सोडून गेल्या, तेव्हा त्यांची खासदारकी का गेली नाही? तो म्हणाला, खासदार फक्त आपल्या सदसद्विवेकबुद्धीला बांधील असतो, तसे मूळ कायद्याच्या, म्हणजे जर्मन घटनेच्या, ३८ व्या कलमातच आहे. आपल्याकडे पक्षांतरबंदी आली, कारण सदसद्विवेकबुद्धीच्या नावाखाली खोके आणि खुर्च्या फिरू लागल्या होत्या, असे मी त्याला म्हणालो. मात्र ती बंदी येऊनही फुटीचे पेव थांबले नाही, हेही मला सांगावे लागले. मराठा आरक्षणाचे विधेयक २० तारखेला विधिमंडळात मंजूर झाले तेव्हा त्याने पुन्हा विचारले, पण तो विषय जेवणाच्या सुट्टीत उरकण्यासारखा नव्हता.

आता काकाजींच्या मूळ गृहीतकाकडे येतो, की दूर बसलेल्याला दोन्ही बाजू दिसतात. मला ते मान्य नाही. दूर बसलेल्याला ज्याचे मथळे होतात ते दिसते. शिवाय माझे काही पणाला लागलेले नाही. मतदार यादीत नाव ठेवले तरी मत द्यायला स्वतः गावी जावे लागते, आणि मला कित्येक निवडणुकांत ते जमलेले नाही. ज्याचे काही जाणार नाही त्याने शांतपणे बोलणे यात निष्पक्षपणा फारसा नाही. त्या आठवड्यात हे मला शेतकऱ्यांच्या बातमीने दाखवून दिले.

शंभूची दृश्ये पाहताना मला जानेवारीतील जर्मनीतले ट्रॅक्टर आठवत होते. त्यांची कथा न्यायालयातूनच सुरू झाली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने ६,००० कोटी युरोंची एक अर्थसंकल्पी तरतूद रद्द केली, सरकारच्या हिशेबाला भगदाड पडले, ते बुजवण्यासाठी शेतीच्या डिझेलवरील करसवलत काढण्याचे ठरले आणि १५ जानेवारीला हजारो ट्रॅक्टर बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजाशी जाऊन उभे राहिले. अर्थमंत्री ख्रिस्टियान लिंडनर व्यासपीठावर गेले, लोकांनी त्यांना शिट्ट्यांनी झोडपले. राजधानीच्या मध्यावर ट्रॅक्टर आणि राजधानीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर काँक्रीटच्या भिंती व अश्रुधूर, ही तुलना सोपी आहे आणि ती करणारे संदेश आमच्या येथील मराठी मंडळींत खूप फिरले. परंतु २६ जानेवारी २०२१ ला ट्रॅक्टर मोर्चातील काही जण लाल किल्ल्यात घुसले होते त्याकडे सरकार बोट दाखवत होते, हे त्या संदेशांत नव्हते. आणि येथील शेतकऱ्याकडे सरासरी ६० हेक्टरांच्या वर जमीन व युरोपीय संघाचे हेक्टरी अनुदान आहे, तर आपल्याकडे सरासरी धारणा १.०८ हेक्टर आहे, हेही नव्हते.

हमीभावाच्या वादात तर दोन्ही बाजू एकाच वेळी खरे बोलतात. सरकार म्हणते, आम्ही खर्चाच्या दीडपट देतो. शेतकरी संघटना म्हणतात, देत नाही. सरकारच्या खर्चात बियाणे, खत, मजुरी आणि घरच्यांच्या कष्टाची किंमत येते. संघटनांच्या खर्चात त्याशिवाय स्वतःच्या वावराचा मक्ता आणि गुंतवलेल्या पैशाचे व्याजही येते. ज्यांच्या आयोगाने खर्चावर किमान पन्नास टक्क्यांची शिफारस केली, त्या स्वामीनाथन यांना त्याच महिन्याच्या ९ तारखेला भारतरत्न जाहीर झाले होते, त्यामुळे त्यांचे नाव दोन्हीकडे घेतले जात होते.

काकाजींचा फोन संपल्यावर त्याच रविवारी रात्री चंदीगडला तीन केंद्रीय मंत्र्यांनी शेतकरी नेत्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला. तूर, उडीद, मसूर आणि मका यांची सहकारी संस्थांमार्फत, तर कापसाची सीसीआयमार्फत, म्हणजे भारतीय कापूस महामंडळामार्फत, पाच वर्षे हमीभावाने, प्रमाणाची मर्यादा न ठेवता खरेदी करायची. भाताऐवजी इतर पिकांकडे वळणाऱ्यांसाठी ही सोय आहे, असा त्याचा रोख होता. संघटनांना सर्व २३ पिकांना कायद्याची हमी हवी होती, म्हणून सोमवारी त्यांनी प्रस्ताव नाकारला. कापूस आणि तूर ही पंजाबची मुख्य पिके नव्हेत, ती आमची आहेत. आमचे सोयाबीन मात्र त्या यादीत नव्हते. तरीही आठवडाभर आमच्या गावच्या व्हॉट्सॲपवर घड्याळ कोणाचे आणि चव्हाणांना काय मिळणार, एवढेच चालले होते, आणि मीही तेच वाचत होतो.

२५ तारखेला मी स्वतःहून हा विषय काढला. काकाजींनी गुरुवारीच गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला कापूस देऊन टाकला होता, लांब धाग्याच्या क्विंटलला ७,०२० रुपयांच्या हमीभावाहून कमी दराने, कारण सीसीआयच्या केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांवर निघाला की गाडी परत आणावी लागते आणि लग्नाची तारीख जवळ आली होती. प्रस्ताव काय होता ते मी दोन्ही बाजूंसह सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले.

‘‘मंग नाही कोनं म्हनलं?’’

‘‘पंजाबातल्या संघटनांनी.’’

‘‘आन् आपल्याले कोनं विचारलं?’’

मी दोन्ही पक्षांची निवेदने वाचली होती. त्यांत याचे उत्तर नव्हते. थोडा वेळ फोनवर कोणीच बोलले नाही. मग काकाजींनी सांगितले, की तुरीला मात्र यंदा हमीभावाच्या बऱ्याच वर भाव आहे.