दाढ काढलीय, फेणीच्या चुळा नकोत

'दाढ काढल्यावर दंतवैद्य कधीच सांगणार नाहीत असे सहा उपाय' हा मेसेज मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या धाकट्या भावाने तो इमानेइतबारे पाळला. खालची अक्कलदाढ काढून फोंड्याला घरी आला, संध्याकाळी सोप्यावर बसून मीठ घातलेल्या फेणीच्या चुळा भरल्या आणि तिसऱ्या रात्री कानापर्यंत ठणका लागून घर जागं केलं. दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद पिशवीत घडी न मोडता पडला होता. पहिलीच ओळ: २४ तास चूळ भरू नये.

मेसेजातला पहिला उपाय नेमका उलटा. 'लगेच फेणीने खळखळून चुळा भरा, जंतू मरतात.' अहो, दाढ निघाली की खड्ड्यात रक्त साकळतं. आमसुलासारखी काळसर लाल गाठ दिसते ती घाण नव्हे. खालच्या हाडावरचं ते झाकण आहे, त्याच्याच आधाराने खड्डा भरत येतो. चूळ खळखळवली, जोरात थुंकलं, की झाकण सुटतं. मी टॉर्च मारून पाहिलं, तर गाठ नावालाही नव्हती. तळाशी पांढुरकं हाड आणि तोंडाला असा वास की मीच मागे सरलो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात आकडे आहेत: साधा दात काढल्यावर शंभरात एक ते पाच जणांना हे होतं, खालच्या अक्कलदाढेला हेच प्रमाण ३० टक्क्यांवरही गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे फेणी नसती तरी झालं असतं का? असतंही. पण मुळात निसरड्या वाटेवर तेल कशाला ओतायचं? शिवाय फेणीत चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल, ताज्या जखमेला ते पोळतंच.

'शहाळ्याचं पाणी नळीने प्या.' पाणी प्या, नळी फेका. ओढून प्यायल्यानेही तीच गाठ सुटते. सिगारेटचंही तेच, वर धुराने जखम भरायला वेळ लागतो.

'लवंगेच्या तेलाचा बोळा खड्ड्यात दाबा.' इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. भावाच्या खड्ड्यात दंतवैद्यांनी औषधाची पट्टी भरली तिलाही लवंगेचाच वास होता. पण ती मोजून केलेली पट्टी, आधी खड्डा धुऊन भरलेली. घरातल्या बाटलीतलं निव्वळ तेल उघड्या जखमेला भाजतं. मीठपाण्याचंही तसंच, चांगलं आहे, पण दुसऱ्या दिवसापासून, कोमट आणि हलक्या हाताने.

गालाला गरम शेक? पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ. सूज दोन-तीन दिवस वाढतेच, तेवढ्याने घाबरू नये.

'वरची दाढ काढली की डोळा अधू होतो.' दातांच्या संवेदना मेंदूच्या पाचव्या नसेतून जातात, दृष्टी दुसऱ्या नसेतून. आणि भावाची दाढ खालची होती!

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं, ताप आला, तोंड उघडेना किंवा कापूस दाबूनही रक्त थांबेना, तर ग्रुपवर विचारू नका. दात काढला तिथे जा, नाहीतर आमच्या गोव्यात बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आहे.

सहावा उपाय पेजेचा, 'गरमागरम प्या' म्हणे. मावशी, पेज तुझ्याच हातची पाठव. कोमट करून.